बोर्ड सोडायचा नाही

सोमवार, ६ जानेवारी

शाळेतून फोन आला. मीच उचलला. या घरात फोन वाजला की माझा हात आधी जातो, बाकीच्यांचे कान नंतर उघडतात. भिंगरीच्या वर्गाच्या बाई होत्या. "तुमच्या नातीला न्यायला येता का? आणि येताना कपडे आणा." आवाज इतका दबका, जणू मुलीने चोरी केली होती.

कपडे म्हटल्यावर समजले. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून हे सुरू झालंय. आधी कधीतरी, मग आठवड्यातून दोनदा, आता मेलं रोजचंच. सात वर्षांची घोडी, पाढे घडाघडा म्हणते, आणि भर वर्गात शू होते. दीड वर्षाची असताना दिवसाची कोरडी राहायला लागली होती, तेव्हा मी गल्लीभर सांगत सुटले होते. घ्या आता.

भिंगरी हे तिचं घरातलं नाव, एका जागी कधी ठरत नाही म्हणून. आज मात्र ऑफिसबाहेरच्या बाकावर दप्तर मांडीवर घेऊन दगडासारखी बसली होती. वाटेत मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, "आजी, मला टाकी म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळे. उद्यापासून मी शाळेत नाही जाणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलणार कुणाला? एकेकाचे कान उपटावेत तर तीही पोरंच.

संध्याकाळी लेक चष्म्याच्या दुकानातून दमून आली. तिला सांगितलं. ती तशीच चपला न काढता बसली. जावई नोकरीपायी दुसऱ्या गावी, शनिवार-रविवार येणार. लेक म्हणाली, "आई, वर्ष संपलं की आम्ही तिकडेच राहायला जातो. नवी शाळा, कुणाला काही माहीत नाही. इथे ती आता कायमची टाकीच राहणार."

"जा की," मी म्हटलं. "मी काय, एकटी मजेत राहीन." आणि भाजी चिरताना बोट कापून घेतलं.

गुरुवार, ९ जानेवारी

समजूत घालून शाळेत पाठवतो आहोत. जाताना माझा हात सोडत नाही.

दुपारी तिला गोष्टी लागतात. इतर मुलांना राजा-राणी, हिला ट्रंककॉल. माझी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. लांबलचक हॉल, भिंतीला लागून एकाला एक चिकटलेले बोर्ड, प्रत्येक बोर्डापुढे उंच स्टुलावर एक मुलगी. कानाला हेडफोन, अंगात निळा गणवेश. दिवा लागला की त्या भोकात दोरी खुपसायची आणि म्हणायचं, "नमस्कार, एक्स्चेंज." नावाने कुणी हाक मारत नसे. ज्या बोर्डावर बसाल तो तुमचा नंबर. मी सतरा. समोरच्या रांगेत बावीस, ती अजून फोन करते. गरम झालेल्या वायरींचा वास आणि इतक्या जणींचा हळू हळू बोलण्याचा आवाज, मधमाश्यांच्या पोळ्यात बसल्यासारखं वाटायचं. आता फोन ज्याच्या त्याच्या खिशात, आणि कुणाला कुणाशी बोलायचं नसतं. तेव्हा माणसं तीन मिनिटांच्या कॉलसाठी तासन् तास ताटकळायची आणि लागला की रडण्यातच तीन मिनिटं घालवायची. आम्ही चोरून ऐकत नव्हतो असं मी म्हणणार नाही.

माझी लेक लहान असताना शाळेतून आली की घरून फोन करायची. मी कामाच्याच आवाजात "नमस्कार, एक्स्चेंज" म्हणायची आणि मग हळूच, "जेवलीस का?" तेवढंच. किती गोड दिवस होते ते.

भिंगरीला मी आमचा पहिला नियम सांगितलाय: बोर्ड सोडायचा नाही. तहान लागो, पायाला मुंग्या येवोत, बोर्ड सोडायचा नाही. सुट्टीत तिने विचारलं होतं, "आणि शू आली तर?" मी म्हटलं, "धरायची! आठ-आठ तास धरलीय. सतरा नंबरने कधी बोर्ड सोडला नाही, विचार कुणालाही." केवढाले डोळे केले होते तिने! हल्लीची मुलं कुणाचं कौतुक करत नाहीत, ही एक आहे.

तेव्हापासून आम्ही एक्स्चेंज खेळतो. मोठी चाळणी उभी करून तिच्या भोकांत बुटांच्या नाड्या खुपसायच्या, झाला बोर्ड. आज खूप कॉल आले. बसतेही कशी ऐटीत, एक टाच खाली घेऊन तिच्यावर घट्ट. खेळता खेळता स्टूल ओलं झालं. खेळाच्या नादात भान राहत नाही, दुसरं काय.

मंगळवार, १४ जानेवारी

मी एक अक्कल लढवली. टाकीत पाणीच नसलं तर गळेल काय? सकाळपासून तिचं पाणी बंद, दूध अर्धा कप. मी स्वतः बाहेर जाताना घोटभर पाणी पीत नाही, वर्षानुवर्षं, माझं कुठे काय बिघडलं?

दुपारी ओली ती ओलीच आली. वर डोकं दुखतंय म्हणून झोपली. लेकीला पाण्याचं कळलं तेव्हा ती माझ्यावर अशी ओरडली की शिंक आली मला, आणि चहा सांडला अंगावर. कपडे बदलावे लागले. भिंगरी म्हणाली, "आजी, कप तर भरलेलाच आहे." फार चौकस कार्टी आहे.

शनिवार, १८ जानेवारी

जावई आले होते, सगळे मिळून डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीहून लहान. टेबलावर कापडी ससा. लघवीची तपासणी स्वच्छ निघाली. मग पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, शी रोज होते का, कशी होते? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. कुणालाच ठाऊक नव्हतं. भिंगरीनेच सांगितलं, चार-चार दिवस होत नाही आणि झाली की दुखते.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मागे शी साठून राहिली की पुढे लघवीच्या पिशवीवर दाब येतो. त्यात ही मुलगी लघवी फार वेळ धरून ठेवते. धरून धरून पिशवी एक दिवस ऐकेनाशी होते, मग ती विचारत नाही, रिकामीच होते. उपाय काय, तर पोट साफ होण्याचं औषध, पाणी कमी नाही तर जास्त आणि दिवसभर थोडं थोडं, ठरावीक वेळी बाथरूमला बसायचं, आली असो वा नसो. पाय छोट्या स्टुलावर टेकवायचे, घाई करायची नाही, पूर्ण होऊ द्यायची.

पाणी जास्त म्हणे! गळक्या छपराला आणखी पाऊस. पण बाईंच्या भिंतीवर सर्टिफिकिटं आहेत, माझ्या भिंतीवर कॅलेंडर.

"ती मुद्दाम करत नाही, तिला कुणी रागवायचं नाही," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या, आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे बघून. निघताना मला खोकला आला तर विचारतात, "आजी, खोकताना पाय का आवळता? तुम्हाला काही त्रास आहे का?" मुलांची डॉक्टर आहेस ना बाई, मुलांचं बघ.

शुक्रवार, २४ जानेवारी

औषध लागू पडलंय. पोट साफ होतं. घरात मी घड्याळ लावून बसवते, स्टूल पायाखाली. ती आत, मी दाराबाहेर, "पूर्ण होऊ दे गं, घाई करू नकोस" असा माझा जप. घरात बहुतेक कोरडी असते. शाळेत मात्र ये रे माझ्या मागल्या. तिकडे दिवसभर जातच नाही.

का जात नाहीस विचारलं, तर ताकास तूर लागू देत नाही. आज तिच्या बाकावरची मैत्रीण उठून दुसऱ्या बाकावर गेली. ही गोष्ट तिने मला अशी सांगितली, जणू आज पोळी नको एवढंच सांगत होती. मी तिला पोटाशी घेतलं. मला रडायला येत होतं आणि ती माझी पाठ थोपटत होती.

जावयाने तिकडच्या शाळेत विचारून ठेवलंय. जागा आहे म्हणे. असणारच.

सोमवार, ३ फेब्रुवारी

लेक एकटीच तिला पुन्हा डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी आईला बाहेर बसवलं आणि भिंगरीशी बोलल्या. नंतर लेकीला सांगितलं, "मी विचारलं, शाळेत शू आली की तू काय करतेस? ती म्हणाली, बोर्ड सोडता येत नाही. काही समजलं नाही मला. तुम्ही शाळेत विचारा."

सापडलं! मी लेकीला म्हटलं, हे बघ, फळा. त्या बाई फळ्यावर एवढं लिहून देत असणार की पोर मान वर काढायला भीते. उतरवून झाल्याशिवाय उठायचं नाही, असा दम भरला असेल. आमच्या वेळीही अशा बाया होत्याच. आमच्या सुपरवायझर, मोठ्या बाई म्हणायचो आम्ही त्यांना. कुणी हात वर केला की भर हॉलमध्ये "का?" म्हणून विचारायच्या. पण त्या कडक असल्या तरी मनाने मोठ्या होत्या. ही काय, कालची पोर!

उद्या जाते आणि खडसावते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गेले. मधल्या सुट्टीत गाठलं. म्हटलं, "बाई, फळ्यावर इतकं काय लिहिता की मुलीला उठायची सोय नाही?"

त्या गोंधळल्या. "आजी, फळ्यावर मी तारीख लिहिते. आणि एखादं चित्र. बाकी सगळं पुस्तकात."

"मग बोर्ड सोडता येत नाही असं का म्हणते ती?"

"मला नाही माहीत. मी तिला दर तासाला विचारते, जायचंय का? ती नाही म्हणते. पाय एकावर एक आवळलेले असतात, कपाळावर घाम असतो, आणि नाही म्हणते. काल तर म्हणाली, मला धरता येतं, मी चांगली आहे."

मी म्हटलं, "मुलं घाबरली की काहीही बोलतात." त्यांनी टेबलाच्या खणातून तिचे धुऊन वाळवलेले मोजे काढून दिले. त्यांनीच धुतले होते. मी ते पिशवीत टाकले आणि आभारसुद्धा न मानता निघाले.

घरी येताना भिंगरी रुसली होती. "बाईंना का ओरडलीस? बाई चांगल्या आहेत." हात दाखवून अवलक्षण झालं ते माझंच. पण मग बोर्डाचं काय?

रविवार, ९ फेब्रुवारी

बावीस आली होती. गुडघ्यांचं कारण सांगून वर्षभर आली नव्हती. काठी टेकत, हसत हसत, दारातून आत पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न, "अगं सतरा, बाथरूम कुठे आहे?" ना नमस्कार ना चमत्कार. जावयासमोर! भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली.

जेवणं झाल्यावर भिंगरीने चाळणी काढली. बावीसला मोठ्या बाई केलं. मी गिऱ्हाईक. मी कॉल लावत होते, बावीस जुन्या आठवणी काढत होती. एक माणूस रोज फक्त किती वाजले विचारायला फोन करायचा, शेवटी कळलं की त्याला अठराशी लग्न करायचं होतं. झालंही लग्न! आम्ही दोघी हसून हसून बेजार. मग बावीस हसता हसता थांबली.

"पोरी, तू उठ. जाऊन ये."

भिंगरी टाचेवर बसली होती, घट्ट, ओठ आत घेऊन. "नाही. बोर्ड सोडायचा नाही."

"कुणी सांगितलं?"

"सतरा नंबरने. तिने आठ-आठ तास धरलीय. कधीच बोर्ड सोडला नाही."

बावीसने माझ्याकडे पाहिलं. मी चाळणीकडे पाहिलं.

"ही?" बावीस म्हणाली. "ही असं सांगते? अगं बाई गं! हिच्यापायी तर मोठ्या बाईंनी कपाटात निळा स्कर्ट ठेवला होता, जादाचा. कुणाचं काही झालं तर घालायला. घातला सगळ्यांनीच. पण शेवटी शेवटी तो कमरेत हिच्याच मापाचा करून घेतला होता!"

मी चाळणीतल्या नाड्या ओढून काढायला लागले.

"आजी," भिंगरी म्हणाली, "तुझी शू झाली होती? तिथेच?"

"तिथेच, बोर्डावर," बावीस म्हणाली. "कानात 'हॅलो, हॅलो' आणि खाली तळं."

"किती वेळा?"

"मोजतंय कोण! कॉल चालू असायचे."

भिंगरी हसायला लागली. गेले कित्येक दिवस मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि एकदम स्टुलावरून उडी मारून बाथरूमकडे पळाली. वेळेत पोचली.

लेक तोंडाला पदर नसला तरी हात लावून हसत होती. जावई खिडकीबाहेर बघत होते, पण खांदे हलत होते. मी उठून स्वयंपाकघरात गेले. बावीसला दुसऱ्यांदा चहा विचारला नाही. वय झालं की माणसाला भलतंच आठवायला लागतं.

सोमवार, १० फेब्रुवारी

बावीस सपशेल खोटं बोलते.

स्कर्टचा हुक डाव्या बाजूला होता. जरा गंजलेला. कातडीला टोचायचा.

बुधवार, १२ फेब्रुवारी

दोन दिवस काही सुचत नाहीये. एक्स्चेंजचं सगळं आठवतं मला, कोण कुठल्या स्टुलावर, कुणाचा डबा कसा, कुणाचं कुणाशी जमलं. मग एवढं कसं पुसून गेलं? पुसलं नव्हतंच. आवडत नव्हतं म्हणून मागे सारलं होतं, आणि पुढे जे उरलं ते चकचकीत घासूनपुसून नातीच्या हातात दिलं. ती खरं मानून बसली. बोर्ड म्हणजे फळा नव्हे, माझाच बोर्ड! त्या बिचाऱ्या बाईंना मी काय काय बोलून आले.

आधी शाळेत जाऊन त्यांची माफी मागितली. सगळं सांगितलं. म्हणाल्या, "आजी, आम्हीही इथे तेच करतो. तास संपेपर्यंत आम्हालाही वर्ग सोडता येत नाही." आणि हसल्या. मोज्यांसाठी आभार मानले ते आज.

मग भिंगरीला मांडीवर घेतलं. मावत नाही आता, पाय खाली लोंबतात. म्हटलं, "भिंगरे, बावीस म्हणाली ते खरं आहे."

"माहितेय मला," ती म्हणाली.

"ते धरणं म्हणजे शूरपणा नव्हता गं. मला उठायची भीती वाटायची. हात वर केला की मोठ्या बाई सगळ्यांसमोर विचारायच्या, का? आणि चाळीस माना वळायच्या. त्यापेक्षा धरलेलं बरं वाटायचं. मग व्हायची ती व्हायचीच, आणि चाळीस माना वळायच्याच. मी तुला उलटं सांगितलं. चुकलं माझं."

ती बराच वेळ माझ्या बांगडीशी खेळत होती. मग म्हणाली, "मला पण तीच भीती वाटते. मी म्हटलं, बाई, बाथरूमला जाऊ? की सगळे म्हणतात, टाकी चालली."

म्हणजे गाठ एक नव्हती, दोन होत्या. एक मी मारलेली, ती तरी मी सोडवू शकते. दुसरी तिची तिलाच सोडवायला हवी. बाईंनी तिला न विचारता जायची मुभा दिलीय, पण ही उठतच नाही. उठलं तरी दिसतंच ना सगळ्यांना.

खेळ बदलला. आमच्याकडे बदलीची मुलगी असायची, कुणी उठलं की तिच्या जागी बसणारी. आता नियम असा: उठायचं असेल तर मोठ्याने "बदली!" ओरडायचं, आणि दुसरीने पळत येऊन नाडी धरायची. आज दिवसभर घरात बदली, बदली चाललं होतं. मी मात्र एकदाही ओरडले नाही. मला कुठे जायचं असतं?

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

या आठवड्यात दोनच दिवस ओली आली. तेही थोडीशी, वरचा स्कर्ट कोरडा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उत्तम चाललंय, पिशवीला पुन्हा शिकायला वेळ लागतो, महिने लागतील, मागेपुढे होणारच. मधल्या सुट्टीत जायला लागलीय, सगळी मुलं मैदानात गेल्यावर, एकटी. वर्ग चालू असताना अजून नाही. तोंडून शब्द फुटत नाही.

१ मार्चला शाळेत पालकांचा कार्यक्रम आहे. त्यानंतर जावई तिकडच्या शाळेला कळवणार, हो किंवा नाही. लेक म्हणते, "तिला वर्गात चारचौघांत मान वर करता आली असती तर मी कशाला हलले असते?" मी रात्रीच्या भाकऱ्या थापत ऐकत होते. एकटीसाठी किती भाकऱ्या थापाव्या लागतील असा हिशेब डोक्यात येऊन गेला आणि मी तो हाकलून दिला.

कार्यक्रमाला मी येणार नाही म्हटलं. खुर्च्या कडक असतात, भाषणं लांब, माझी पाठ दुखते. भिंगरी म्हणाली, "तुझी पाठ नाही दुखत. ये ना."

शनिवार, १ मार्च

जाणं रद्द! जावयांनी मघाशी तिकडे नाही म्हणून कळवलं. लेकीने मला न सांगता खीर केली. आता सावकाश लिहिते, कारण झालं ते मला नीट लिहायचंय. पुन्हा माझ्या सोयीने घासूनपुसून नको.

हॉल खचाखच. मुलं पुढे सतरंज्यांवर, वर्गावर्गाने. मागे पालक. आम्हाला अगदी रांगेच्या मधोमध जागा मिळाली, दोन्हीकडे गुडघेच गुडघे. मी घरून पाण्याचा घोट न घेता निघाले होते, पण दारातच चहा देत होते आणि थंडगार हॉल. चहाला मी नाही म्हणत नाही.

भिंगरीच्या वर्गाचं गाणं झालं. ती मागच्या ओळीत होती, पण तोंड उघडून गात होती. मग मुख्याध्यापक उभे राहिले. भाषण काही संपता संपेना. शाळेची स्थापना, शाळेची पायरी, पायरीचा दगड. माझी पाचावर धारण बसली होती. उठावं तर अख्खी रांग उठणार, सगळे बघणार. पाय आवळले. खोकला आला तो गिळला. लेक म्हणाली, "आई, बरं वाटतंय ना?" म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि पुढे, सतरंजीवर, भिंगरी मागे वळून माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे.

ती उठली. सगळी मुलं बसलेली, एकटी ही उभी. तिच्या बाईंनी हळूच विचारलं, "काय गं?"

भिंगरीने श्वास घेतला. आणि जो आवाज मी तिला शिकवलाय, स्वच्छ, सावकाश, हॉलच्या शेवटच्या भिंतीपर्यंत जाणारा, त्या आवाजात म्हणाली, "बाई, माझ्या आजीला बाथरूमला जायचंय. आणि मलाही."

मुख्याध्यापक वाक्याच्या मध्येच थांबले. सगळ्या माना वळल्या. चाळीस कसल्या, चारशे. कुणीतरी खिदळलं, मुलांतूनच. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं. माझ्या तोंडावर आलं होतं, छे, मला कुठे जायचंय, ही पोर काहीतरीच बोलते. एवढं म्हटलं असतं तर मी सुटले असते. आणि ती एकटी उभी राहिली असती.

ती गुडघ्यांच्या रांगेच्या टोकाला येऊन थांबली होती, हात पुढे करून. कान लाल झालेले, पण मान वर.

मी उठले. "हो, जायचंय," मी मोठ्याने म्हटलं. सगळ्या रांगेने पाय आत घेतले. आम्ही हातात हात घालून मधल्या वाटेने निघालो, आणि दाराशी पोचते तर मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज. एक आजी उठली, मग दुसरी, मग एक जाडजूड आजोबा. मग सतरंजीवरून दोन-तीन मुलं. मुख्याध्यापक म्हणाले, "आपण पाच मिनिटं थांबू या." टाळ्या पडल्या त्यांच्या भाषणाला, दिवसभरातल्या सगळ्यात मोठ्या.

शाळेच्या बाथरूमची दारं अर्धीच, मुलांच्या उंचीची. भिंगरी एकात, मी शेजारच्यात. मी जेमतेम पोचले होते, आणि अगदी वेळेत नाही. बाहेर रांग लागल्याचं ऐकू येत होतं, कुणीतरी "झालं का?" म्हणत होतं. मी घाईघाईने उठायला लागले.

भिंतीपलीकडून आवाज आला, "आजी, घाई करू नकोस. पूर्ण होऊ दे."

"बरं," मी म्हटलं, आणि परत बसले.